बट्टा : कौटिल्यापासून फास्टॅगपर्यंत

मागचे दोन भाग हुंडीवर झाले आणि त्यानंतर मनीमाजऱ्याहून एका काकूंचा निरोप आला. काकू मूळच्या साताऱ्याकडच्या, लग्नानंतर तिकडेच स्थायिक झालेल्या. हिमाचलकडे निघाल्या होत्या. वाटेत एका टोलनाक्यावर कळलं, की फास्टॅगमध्ये पैसे शिल्लक नाहीत. यजमानांनी पाकीट काढलं, तर नाक्यावरचा मुलगा म्हणाला, रोख देणार असाल तर दुप्पट. काकूंचा प्रश्न असा : "रुपया तोच, रस्ता तोच, सरकारही तेच. मग माझ्या हातातल्या रुपयाची किंमत अर्धी कशी झाली?"

काकू, या प्रश्नाला मराठीत एक जुना शब्द आहे. बट्टा. आपण आज तो फक्त 'नावाला बट्टा लागला' असा वापरतो. पण हा मूळचा पैशाच्या व्यवहारातला शब्द. घेणाऱ्याला तुमचं नाणं जसं हवं तसं नसेल, तर त्यात जी तूट धरली जायची ती बट्टा. रुपया खोटा नसायचा, चांदीही असायची. फक्त घेणाऱ्याच्या पसंतीचा नसायचा.

ही गोष्ट पेशवाईहून खूप जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी तपासणारा एक अधिकारी येतो, रूपदर्शक. त्याच्या कामात तीन आकार सांगितले आहेत : शेकडा ८ रूपिक, शेकडा ५ व्याजी आणि शेकडा एक अष्टमांश पारीक्षिक. शेवटचा आकार म्हणजे निव्वळ तपासणीचे पैसे. सरकारात भरणा करायचा, तर 'हे नाणं चांगलं आहे' असं कुणीतरी म्हणावं लागतं, आणि त्या म्हणण्याचेही पैसे पडतात.

आता मनीमाजऱ्यात येऊ, कारण काकू राहतात ती जागाच या विषयाला फार चपखल आहे. आज ते चंदीगडचं सेक्टर १३ म्हणून ओळखलं जातं, पण गाव चंदीगडपेक्षा कितीतरी जुनं. १७६० च्या दशकात सरहिंदची मोगली-अफगाणी सत्ता कोसळली. तेव्हा गरीबदास नावाच्या सरदारानं इथली ८४ गावं ताब्यात घेतली आणि मनीमाजऱ्याला राजधानी केली. हीच ८४ गावं का? तर त्याचा बाप मोगलांच्या वतीनं याच गावांचा महसूल गोळा करायचा. कुठल्या गावातून किती येतं, कोण कधी देतं, हे घरातच माहीत होतं. वसुली करणाऱ्याचा मुलगा मालक झाला. पुढे त्याचा मुलगा गोपालसिंग यानं १८११ ते १८१५ या काळात जवळचं मनसादेवीचं देऊळ बांधलं, जिथं आजही नवरात्रात गर्दी उसळते.

आपली माणसंही या मुलखाला अनोळखी नव्हती. १७५८ च्या मार्चमध्ये राघोबादादांच्या फौजांनी सरहिंद घेतलं. १७८५ साली महादजी शिंद्यांच्या वतीनं अंबाजी इंगळ्यांनी सतलजच्या अलीकडच्या शीख सरदारांशी तह केला. आणि जिथं फौज, तिथं पैशाची ओढाताण, हे पानिपतावर बोलताना आपण पाहिलंच आहे.

अशा मुलखात चलन कुठलं? हाच तर घोळ. पतियाळ्याचा राजाशाही रुपया होता, अमृतसरचा नानकशाही होता, पुढे कंपनीचा फर्रुखाबादी आला. दक्षिणेत आपल्याकडे अंकुशी, चांदवडी, सुरती आणि असे कितीतरी. प्रत्येकाचं वजन वेगळं, चांदीचा कस वेगळा. बंगालात तर आणखी गंमत. तिथं नाणं नुसतं जुनं झालं तरी पडायचं. टाकसाळीतून बाहेर पडल्याच्या वर्षी ते पुऱ्या किमतीचं, वर्ष उलटलं की शेकडा ३ तूट, त्यानंतर शेकडा ५. चांदी तेवढीच, वजन तेवढंच, फक्त छापावरचं वर्ष मागं पडलेलं.

शेतकऱ्याला हे कसं कळणार? त्याच्या थैलीत बाजारात मिळतील ते रुपये. महसुलाला मात्र विशिष्ट शिक्का हवा. म्हणून गावात पोतदार असे. पोते या शब्दाचा एक जुना अर्थ खजिना. हा पोतदार बहुतेक ठिकाणी गावचा सोनारच. तो नाणं वाजवून, घासून, डोळ्याजवळ धरून बघायचा, चांगल्यावर आपली खूण करायचा आणि त्याची खूण असलेलं नाणं पुढं खोटं निघालं तर भरपाई त्याच्या गळ्यात. एल्फिन्स्टननं १८१९ च्या आपल्या अहवालात या पोतदाराची दखल घेतली आहे. आज आपल्यात पोतदार, नाणावटी, पारखी अशी आडनावं आहेत. त्या मंडळींनी घरी जाऊन आजोबांना जरूर विचारावं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. पोतदाराचं काम खरं होतं. पारख करायला वेळ लागतो, जोखीम असते, त्याचा मोबदला मागणं चूक नाही. हुंडी करून देणारा सावकार हुंडणावळ घ्यायचा, तीही याच न्यायानं. वाटेत दरोडे पडत असताना पुण्याचे पैसे उज्जैनीला पोचवायचे म्हणजे खेळ नव्हे. तक्रार मोबदल्याची नव्हती. दर कोण ठरवतो आणि तो पटला नाही तर दुसरीकडे जाता येतं का, तक्रार याची होती. बाजारात सराफ दहा असतात. महसूल घेणारा एकच.

१८३५ साली कंपनीनं १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया सगळ्या मुलखासाठी आणला आणि नाण्यानाण्यातला बट्टा हळूहळू संपला. यानंतरची दीडशे वर्षं रोकड हीच सगळ्यात सरळ गोष्ट होती. दुकानात पाटी असायची, 'आज रोख, उद्या उधार'. रोखीचा भाव कमी, उधारीचा जास्त. रोख पैसे मोजणारा गिऱ्हाईक म्हणजे मानाचा गिऱ्हाईक.

मग चक्र उलटं कधी फिरलं? याची एक सुरुवात इंग्लंडात दिसते. १९६४ साली युनिलिव्हर कंपनीतल्या अ‍ॅलिस्टर हँटन यांनी डायरेक्ट डेबिटची पद्धत बसवली. तोवर देणेकरी पैसे पाठवायचा. आता घेणेकऱ्यानंच देणेकऱ्याच्या खात्यातून ठरल्या दिवशी पैसे काढून घ्यायचे, परवानगी एकदाच घ्यायची. घेणाऱ्याच्या दृष्टीनं याहून सुख कुठलं? हळूहळू ही सोय नियम झाली, आणि नियम न पाळणाऱ्याला आकार लागला. २००७ साली ब्रिटिश टेलिकॉमनं डायरेक्ट डेबिटनं बिल न भरणाऱ्यांना तिमाहीला साडेचार पौंड जास्त लावले. गहजब झाला. तिथल्या विजेच्या प्रीपेड मीटरची कथा तर जास्त बोचरी आहे. आधी पैसे भरून वीज वापरणारी ही माणसं बहुधा गरीब. उधारी शून्य. तरी वर्षानुवर्षं तीच जास्त दर मोजत होती. २०२३-२४ मध्ये हा फरक काढला गेला.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या वाटेनं आली. आपण आधी सवलत देतो. फास्टॅग नवा होता तेव्हा, २०१६-१७ साली, त्यातून टोल भरला की १० टक्के परत मिळायचे. पुढे तो परतावा साडेसात, पाच, अडीच असा उतरत गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये पारडं फिरलं आणि टॅग नसेल तर दुप्पट टोल सुरू झाला. १५ नोव्हेंबर २०२५ पासून त्यात एक मधली पायरी आली. टॅगनं १०० रुपये लागत असतील, तर यूपीआयनं १२५ आणि रोखीनं २००, असे दर तेव्हा ठरले. बघा, एकाच नाक्यावर एकाच रुपयाचे तीन भाव. पेशवाईतल्या नाणावट्यालाही हे वाचून घरी आल्यासारखं वाटलं असतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी आपलं महावितरणचं बिल काढून बघावं. ऑनलाईन भरलंत तर पाव टक्का सूट. कागदी बिल नको म्हणालात तर त्याचीही सूट. सात-आठ दिवसांत भरलंत तर तत्पर भरण्याची १ टक्का सूट, मुदत चुकली तर सव्वा टक्का विलंब आकार. धनादेश परत आला तर कर धरून ८८५ रुपये. आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महिन्याला ५,००० रुपयांच्या वर रोख घेत नाहीत, शेतीपंपाला १०,०००. (दोन हजारांच्या बिलावर पाव टक्का म्हणजे ५ रुपये. कौटिल्याचा पारीक्षिक याच्या निम्मा होता, पण तो घ्यायचा आणि हे देतात, हा फरक आहे.)

सूट आणि दंड यांत हिशेबाच्या वहीत फरक नाही. एकाला सूट दिली की ती दुसऱ्याला मिळाली नाही एवढंच. पण माणसाच्या मनावर दोन्हींचा परिणाम फार वेगळा होतो. सूट चुकली तर आपण हळहळतो, दंड पडला तर अपमान वाटतो. काकूंना लागलं ते हेच.

रोकड सांभाळणं महाग पडतं, ही दुसरी बाजू खोटी नाही. मोजणारा माणूस, तिजोरी, ने-आण, चोरी, खोट्या नोटा, आणि नाक्यावर थांबलेल्या गाड्यांच्या रांगा. हा खर्च कुणीतरी सोसायचाच. मी स्वतः सगळी बिलं फोनवरून भरतो आणि मला त्याचं सुखच वाटतं. पण माझा पगार ठरल्या तारखेला खात्यात येतो. मनीमाजऱ्यातल्या इंदिरा कॉलनीत राहणाऱ्या रोजंदारीच्या माणसाचं तसं नाही. त्याच्या हातात पैसे येतात ते संध्याकाळी, नोटांच्या रूपात, आणि कधी येतील ते मुकादमावर. त्याच्या खात्यातून ५ तारखेला आपोआप बिल कापायचं ठरलं आणि पैसे ७ तारखेला आले, तर बँक आकार लावणार, बिल थकणार, त्यावर विलंब आकार. शिवाय २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ प्रमाणे खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे असा भरणा परत गेला, तर तो धनादेश न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खिडकीवर रांगेत उभा राहून दोन दिवस उशिरा रोख भरणाऱ्याला ही भीती नसते. त्याचा पैसा कधी सुटायचा हे तो स्वतः ठरवतो.

चंदीगडला हा अनुभव आधीच येऊन गेला आहे, उलट्या बाजूनं. सप्टेंबर २०१५ मध्ये पुदुच्चेरीबरोबर चंदीगडनं रेशनचं धान्य देणं थांबवून त्याचे पैसे थेट बँक खात्यात द्यायला सुरुवात केली. तिथंही गृहीत होतं, की खातं आहे म्हणजे ते हाताशी आहे. दुकान गल्लीत होतं. बँक गल्लीत असेलच असं नाही.

रिझर्व्ह बँकेनं काही कुंपणं घातली आहेत, तीही सांगतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी मिळाली पाहिजे आणि ती परवानगी कधीही मागं घेता आली पाहिजे. ठरावीक रकमेच्या वर दर वेळी वेगळी संमती लागते. आधी ही मर्यादा ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. तेव्हा काकू, पहिलं काम हे करा, की फोनवरचे हे संदेश न वाचता पुसू नका.

मी त्यांना हे सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं. त्या म्हणाल्या, टॅग भरला, तो विषय संपला. पण आमच्याकडे कामाला येणारी बाई दर महिन्याला विजेच्या बिलाचे पैसे नोटांत आणून देते आणि मी माझ्या फोनवरून तिचं बिल भरते. तिच्या दोन शेजारणींचंही. कोपऱ्यावरचा दुकानदार प्रत्येक बिलामागे वीस रुपये घेतो, म्हणून त्या माझ्याकडे येतात.

मी विचारलं, मग तुम्ही हुंडणावळ किती घेता?

म्हणाल्या, काही नाही हो. उलट चहा मीच करते.