पाठीवर बैठक बांधून डोंगर चढणारे शिकारी

मंडळी, आजचा विषय वाचून "याला आता काय सुचलं?" असं तुम्हाला नक्की वाटणार. विषय आहे अमेरिकेतल्या टर्कीच्या शिकारीचा. त्यातही बंदुकीचा नाही, तर शिकारी पाठीला अडकवून जी छोटीशी बैठक डोंगरावर नेतात, तिचा!

आधीच सांगतो, मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न तसाही मिटलेला आहे. पण एखादी साधी वस्तू दिसली की "हे असंच का?" म्हणत मागे मागे जायची खोड काही जात नाही. दिवसभर बगचं मूळ शोधणाऱ्या माणसाला वीकेन्डलाही दुसरं काही सुचत नाही, त्याला काय करणार!

तर प्रश्न असा. ज्याला चढ चढायचा असतो तो ओझं कमी करतो. सह्याद्रीत फिरणाऱ्या कुणालाही विचारा, घळीतून वर जाताना पाठीवरचा एकेक किलो आठवतो. मग हे लोक पहाटेच्या अंधारात, निसरड्या पाचोळ्यावरून, चक्क बसायचं सामान घेऊन का चढतात? वाटेत बसायला दगड आणि ओंडके काय कमी आहेत?

या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. एक पक्ष्याच्या डोळ्यांत आहे आणि दुसरं अमेरिकेच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात.

आधी डोळे. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला भोवतालचा बराचसा भाग दिसतो, आणि थोडी मान फिरवली की सगळंच. रंगही उत्तम कळतात. पानाआड तुमचं बोट हललं तरी गडी पसार. म्हणून वसंतातली शिकार चालते ती अशी: नर रात्री उंच झाडावर बसतो (पक्षीनिरीक्षकांच्या भाषेत रातथारा), आणि उजाडायच्या सुमारास "गबल-गबल" असा ओरडतो. शिकारी त्या दिशेला अंधारातच जाऊन, खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याचं झाड बघून त्याला पाठ टेकून बसतो आणि मादीचा आवाज काढतो. मग वाट बघायची. निसर्गाचा नियम असा की मादीने नराकडे जायचं. इथे नराला उलटं यायला लावायचं असतं, त्यामुळे तो भाव खातो, थांबतो, अर्धा अर्धा तास गप्प होतो. शॉटगनचा पल्ला जेमतेम चाळीस पावलांचा. तेवढ्या अंतरात तो येईपर्यंत माणसाने पुतळा व्हायचं.

आता पुतळा व्हा आणि तेही ओल्या उतारावर! दहा मिनिटांत बुडाखालचं मूळ टोचायला लागतं, विजार भिजते, पाय बधिर होतो. मग माणूस चुळबुळ करतो आणि टर्की जातो. म्हणून ही बैठक. सर्वात साधी म्हणजे फोमची गादी, वजन काही शे ग्रॅम, शिकारीच्या जाकिटाला मागे बटणांनी अडकवलेली. चालताना पाठीवर दुमडलेली, बसताना खाली सोडली की झालं. दुसरी म्हणजे बुटक्या पायांची घडीची खुर्ची, जमिनीपासून वीतभर उंच, पट्ट्याने खांद्याला लावायची.

सपाटीवर दोन्ही चालतात. खरी गंमत उतारावर आहे. पक्षी वरच्या धारेवर असेल तर झाडाच्या वरच्या अंगाला बसता येतं, बुंधा मागून धरून ठेवतो. पण तो खालच्या पदरावर असेल तर खालच्या अंगाला, उताराकडे तोंड करून बसावं लागतं, आणि मग फोमची गादी ओल्या पाचोळ्यावरून घसरगुंडीसारखी निघते. टाचा रोवून धरा, मांड्या थरथरायला लागतात. खुर्चीचे पुढचे पाय लांब करता आले तर बैठक सपाट होते, पण तेवढं वजन वाढलं, आणि नळी नळीवर आपटून एकदा "टण्ण" झालं की सकाळ संपली! म्हणून लोक सांध्यांना कापडी पट्टी गुंडाळतात. बसण्याआधी पायाखालचा पाचोळा बाजूला सारून माती उघडी करतात, म्हणजे आवाज होत नाही आणि पकडही मिळते. थोडक्यात, वजन, आवाज आणि स्थिरता यातलं एक सोडल्याशिवाय दुसरं मिळत नाही. इंजिनिअर मंडळींना हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे.

इथपर्यंत झालं "कशाला". पण मुळात हा पक्षी डोंगरातच का? टर्की काही डोंगरी शेळी नाही. त्याला ओकची फळं, मोकळं रान, किडे आणि गवताची कुरणं लागतात. सपाटीवर तर तो मजेत राहतो. इथून इतिहास सुरू होतो.

पहिली गोष्ट अशी की टर्की दोन. एक पाळीव, ज्याला मेक्सिकोतल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळवलं होतं. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो युरोपात नेला आणि तिथून तो जगभर पसरला. आपल्याकडे तो आला गोव्यामार्गे! जहांगीराने मुकर्रब खानाला गोव्याला पाठवलं होतं. १६१२ साली त्याने फिरंग्यांकडून ज्या अजब वस्तू आणि प्राणी आणले त्यात एक टर्की होता. त्याच्या डोक्यामानेचा रंग क्षणात लाल, क्षणात पांढरा, क्षणात निळा होतो याचं बादशहाला इतकं नवल वाटलं की त्याने आपल्या आठवणींत ते लिहून ठेवलं. उस्ताद मन्सूरने काढलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. दुसरा टर्की म्हणजे अमेरिकेच्या रानातला, कुणी न पाळलेला. नात्याने दोघं एकच जात, पण हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

युरोपीय वसाहती झाल्या तेव्हा पूर्व अमेरिकेत रानटर्की मुबलक होते. आणि त्या काळी त्यांना मारायला कुणाला बैठक लागत नव्हती. चांदण्या रात्री रातथाऱ्याखाली उभं राहून एकामागून एक पाडायचे. दाणे टाकून सरळ रेषेत गोळा झालेल्या थव्यावर बार टाकायचा. चित्रकार ऑड्युबॉनने ओंडक्यांच्या पिंजऱ्याचं वर्णन केलंय ते तर फारच हुशारीचं आहे: भिंतीखालून एक चर खणायचा, त्यात मका टाकत आतपर्यंत न्यायचा. पक्षी मान खाली घालून मका टिपत आत येतात, आणि आत आल्यावर मान वर करून वाट शोधत राहतात. खाली बघायचं त्यांना सुचतच नाही!

एका बाजूने हे आणि दुसऱ्या बाजूने कुऱ्हाड. जंगल तुटून शेती झाली, आणि टर्की ज्या क्रमाने संपला तो क्रम बघण्यासारखा आहे. आधी दऱ्या आणि मैदानं रिकामी झाली, मग टेकड्या. मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा रानटर्की १८५१ साली मारला गेला तो कुठे, तर माउंट टॉम नावाच्या डोंगरावर. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चेस्टनटच्या झाडांवर एक बुरशी सापडली, आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत अपलेशियन डोंगरांतली अब्जावधी चेस्टनट झाडं मेली. पक्ष्याच्या तोंडचा उरलासुरला घासही गेला. १९३० च्या दशकात देशभरात किती रानटर्की उरले होते याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण बहुतेक अंदाज दोन लाखांच्या आतले आहेत.

हे उरलेले पक्षी होते दक्षिणेतल्या दलदलींत, आणि जिथे नांगर चालत नाही, गाडी जात नाही अशा उभ्या डोंगरांत. म्हणजे टर्कीने डोंगर निवडला नाही. बाकी सगळीकडून हाकलल्यावर डोंगर उरला!

मिझुरी राज्याचं उदाहरण घेऊ, कारण तिथली गोष्ट मला सगळ्यात आवडते. दक्षिण मिझुरीत ओझार्क नावाचा डोंगराळ भाग आहे. उंची आपल्या सह्याद्रीपुढे काहीच नाही, पण घळी आणि सोंडा यांचं नुसतं जाळं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या पाइनच्या जंगलावर लाकूड कंपन्या तुटून पडल्या. लाकूड संपल्यावर लोकांनी डुकरं मोकळी सोडली आणि दरवर्षी रान पेटवलं. १९३७ मध्ये टर्कीची शिकारच बंद करावी लागली. १९५०च्या सुमारास राज्यात काही हजार पक्षीच उरले असतील.

मग सुरू झालं "रिस्टोअर". पहिला उपाय कुणालाही सुचेल असाच होता: फार्ममध्ये टर्की वाढवा आणि रानात सोडा. मिझुरीने १९२० आणि ३० च्या दशकांत असे हजारो पक्षी सोडले. सगळे वाया गेले. का, याचं उत्तर स्टार्कर लिओपोल्ड या शास्त्रज्ञाने ओझार्कमध्येच अभ्यास करून १९४४ मध्ये प्रसिद्ध केलं. (हे प्रसिद्ध आल्डो लिओपोल्ड यांचे चिरंजीव.) फार्मच्या पक्ष्यांत पाळीव रक्त मिसळलेलं होतं. रानटी पक्ष्याचा मेंदू आणि काही ग्रंथी तुलनेने मोठ्या, विणीची वेळ हवामानाशी जुळलेली, धोका दिसताच पांगायची उपजत सवय. संकराच्या पक्ष्यांत हे सगळं पातळ झालेलं. दिसायला टर्कीच, पण रानात चालत नाही. आमच्या भाषेत, फाईल कॉपी झाली पण आतला डेटा करप्ट!

खरा बॅकअप एकच होता, डोंगरात दडलेले अस्सल रानपक्षी. पण पकडायचे कसे? जे माणसाची सावली सहन करत नाहीत ते पिंजऱ्यात काय येणार. उत्तर सापडलं १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनात, फ्रान्सिस मॅरियन नॅशनल फॉरेस्टमध्ये. मका टाकून थवा गोळा करायचा आणि छोट्या तोफांनी त्याच्यावर जाळं उडवायचं. मिझुरीने १९५४ पासून आपल्या डोंगरांतले पक्षी पकडून राज्यात इतरत्र सोडायला सुरुवात केली. १९७९ पर्यंत अडीच हजारांच्या वर पक्षी असे हलवले गेले. बास, एवढ्या बियाण्यावर राज्य भरलं.

पैसा कुठून आला? १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, लांब बंदुका आणि काडतुसांवर तो ११ टक्के. म्हणजे मारणाऱ्यांच्याच खिशातून. हे वाचताना मला अजूनही थोडं विचित्र वाटतं, पण हिशेब खरा आहे.

आणि आता बैठकीचं दुसरं उत्तर. १९६० मध्ये मिझुरीने वसंतातली शिकार पुन्हा उघडली ती कशी, तर १४ काउंट्यांत फक्त तीन दिवस. मारले गेले ९४ पक्षी. आणि मारायचा तो नरच. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे माद्या अंड्यांवर बसायला लागल्यावर काही नर कमी झाले तरी पुढची पिढी येते. रातथाऱ्याखालचा बार, मक्याचं आमिष, सगळं हळूहळू राज्याराज्यांत बेकायदा झालं. पेनसिल्व्हेनियात तर वसंतात फक्त आवाज देऊनच शिकार करता येते, मागावर जाता येत नाही. यात सुरक्षाही आहे, कारण झाडीतला "गबल" दुसऱ्या शिकाऱ्याचाही असू शकतो! रुंद बुंधा पाठीशी घेऊन बसायचं कारण तेच.

म्हणजे बघा, पक्ष्यामागे जायचे जेवढे मार्ग होते ते एकेक करून बंद केले गेले. उरला एकच, बसून राहायचा. ती गादी हा चैनीचा प्रकार नाही, ती त्या नियमांचीच सावली आहे.

आज अमेरिकेत साठ लाखांच्या आसपास रानटर्की आहेत, अलास्का सोडून सगळ्या राज्यांत. टर्की आता सपाटीवरच्या शेतांतही आहेत, पण सरकारी जंगलं बरीचशी डोंगरांतच आहेत, कारण नांगराला नको असलेली जमीनच सरकारला मिळाली. ज्याच्याकडे स्वतःचं शेत नाही तो साधा माणूस म्हणूनच गादी घेऊन डोंगर चढतो.

गोष्ट इथे गोड संपली असती तर बरं झालं असतं. मिझुरीत २००४ च्या वसंतात ६० हजारांवर टर्की मारले गेले, तो विक्रम. त्यानंतर आकडे उतरले. अनेक राज्यांत पिल्लं कमी जगताहेत आणि हंगाम, मर्यादा पुन्हा आवळल्या जाताहेत. दुसरीकडे, टर्कीचा पिसारा तोंडापुढे धरून पक्ष्यावर सरपटत जायची एक नवी पद्धत निघाली आहे. नर चिडून धावून येतो आणि काम मिनिटांत होतं. काही राज्यांनी सरकारी जमिनीवर तिला बंदी घातली, पण आकर्षण आहेच. वाट कुणाला बघायची आहे?

मला वाटतं, खरा प्रश्न हाच आहे. १८५१ च्या माउंट टॉमपर्यंत माणसं कधीच कुठे थांबली नाहीत, आणि पक्षी संपला. तो परत आला तो दोन कारणांनी: काही डोंगर इतके उभे होते की तिथे पोचायचाच कंटाळा आला, आणि नंतर लोकांनी कायदा करून स्वतःला बसवलं. डोंगर आता कुणाला अडवत नाही, रस्ते सगळीकडे गेलेत. उरलं आहे ते फक्त बसून राहणं. ते ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी पुन्हा शोधायला डोंगरात बॅकअप असेलच असं नाही.