पश्चिम खानदेशातील शिपायांचे दप्तर

सैन्यातून सुटणाऱ्या शिपायाच्या हाती डिस्चार्ज बुक नावाची एक लहानशी पुस्तिका पडते. सैनिक क्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव-तालुका-जिल्हा, भरतीची आणि सुटकेची तारीख, सुटकेचे कारण, पदके, अंगावरची खूण आणि वर्तणुकीचा शेरा, एवढा ऐवज तीत असतो. नंदुरबार जिल्ह्यात जुन्या शिपायांच्या घरी ही पुस्तिका उघडली की पत्त्याशीच अडखळायला होते. तिथे नंदुरबार जिल्हाच नसतो. हा जिल्हा धुळ्यातून वेगळा निघाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी १९०६ पासून अर्धशतकभर या मुलखाचे सरकारी नाव पश्चिम खानदेश होते, आणि दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या माणसाच्या कागदावर तेच असणार. पाडवी, वळवी, वसावे ही आडनावे इंग्रजीत उतरवताना कारकुनाच्या कानाला जसे लागले तसे स्पेलिंग झाले. बाप आणि मुलगा दोघेही फौजेत असले, तर दोघांची आडनावे कागदावर निराळी निघू शकतात.

नर्मदाकाठी तर गावच उरलेले नाही. सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे आली. मणिबेलीत १९९३ च्या पावसाळ्यात पाणी शिरले. माणसे तळोदा-शहाद्याच्या सपाटीवरील वसाहतींत आली. घर हलवताना भांडीकुंडी, कौले, वासे येतात. पेटीच्या तळाचा कागद येतोच असे नाही. आला, तरी त्यावरचा पत्ता आता पाण्याखाली आहे.

मूळ नोंद लष्कराकडे असेलच, असे आपण धरून चालतो. जवानांची सेवाकागदपत्रे ज्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावला, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशातील सागरला, तोफखान्याची नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला. पण लष्कराच्या विनियमांतील कलम ५९५ प्रमाणे ज्याला निवृत्तिवेतन नाही अशा शिपायाची कागदपत्रे २५ वर्षे जपून नंतर नष्ट करतात. मागे राहतो तो लाँग रोल, म्हणजे क्रमांक, नाव आणि भरती-सुटकेच्या तारखा यांची एक ओळ. १९४६ साली युद्ध संपल्यावर घरी पाठवलेले हजारो शिपाई याच वर्गातले. १९७१ चे युद्ध करून चार वर्षांनी बिनपेन्शनचा सुटलेला जवान असेल, तर त्याच्या कागदांची मुदत २००० सालीच संपली. फौजेला एवढा कागद कायम सांभाळणे जमणार नाही हे उघड आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र अशा माणसाची घरातली पुस्तिका ही नक्कल राहत नाही, अस्सल होते, हे त्याच्या घरच्यांना कोणीतरी सांगायला हवे.

या मुलखातले शिपाईपण काही कालचे नाही. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभी केली. ज्यांना पकडायला फौजा धाडल्या जात होत्या, त्यांच्याच मुलांना गणवेश द्यायचा, हा एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीतला डाव. भिल्ल एजन्सीच्या वायव्य विभागात नंदुरबार, सुलतानपूर आणि डांग हा भाग येत असे. १८९१ पर्यंत ही पलटण टिकली आणि मग पोलिसांत मिसळली. सिमकॉक्स या सनदी अधिकाऱ्याने मूळ कागद चाळून तिचा इतिहास १९१२ साली मुंबईत इंग्रजीत छापला. अशा पुस्तकाचे उपकार मानावेत. पण ते कागद ज्यांनी लिहिले ते साहेब होते. रांगेत उभ्या असलेल्या भिल्ल शिपायाला रात्री पहाऱ्यावर काय वाटले, हे साहेबाच्या कागदात कुठून यावे?

शिवाय ही पलटण आपल्या सोयीची नाही. सेंधवा घाटाच्या रखवालीवर एके काळी कंपनीचीच नोकरी केलेल्या खाज्या नाईकाने १८५७ साली बंड पुकारले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीची लढाई झाली. त्या बंडात भिल्ल पलटण कंपनी सरकारच्या बाजूने होती. आज आपण नाईकांचे स्मरण करतो, ते योग्यच आहे. पण पलटणीतला शिपाईही त्याच डोंगरातला होता.

तोच पेच पुढे पुन्हा पडला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या चौकात शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा चार साथीदारांसह पोलिसांच्या गोळीबारात पडला. शहराची आठवण त्या चौकाभोवती बांधली गेली. त्याच वर्षी याच सरकारच्या फौजेत लाखो हिंदी तरुण होते. लामावर गेलेला माणूस परतला तेव्हा देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. तू कुणासाठी लढलास, असा प्रश्न नको म्हणून तो गप्प बसला. साताऱ्याच्या अपशिंग्याने आपल्या फौजी नावाचे बिरुद गावाच्या नावातच मिरवले, 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून. आपल्याकडे ते घडले नाही. २०२३ साली ग्रामपंचायतींपुढे शिलाफलक बसले, तेही बलिदान केलेल्यांसाठी. जिवंत परतून नांगर धरणाऱ्याचे नाव कुठल्या दगडावर घालणार?

नोंद करायची तर यादी गाववार हवी. पहिल्या महायुद्धानंतर पंजाब सरकारने गावागावांतून भरती झालेल्यांची रजिस्टरे केली. लाहोरच्या संग्रहालयात ती शतकभर पडून होती. सुमारे ३ लाख २० हजार नावांची ही रजिस्टरे अलीकडे संगणकावर आली आणि लंडनमधल्या नातवंडांना पणजोबाचे गाव सापडू लागले. आपल्याकडे रजिस्टर नसेल तर घराघरांतून उलटे जुळवत यावे लागेल. पदक हाती आले तर आधी कड पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. चिंच-राखेने घासून ते चकचकीत करू नये, अक्षरे झिजतात. चांदीची पदके अडचणीच्या वर्षी सोनाराकडे गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर ती कडही वितळली.

यात घरातल्या बाईचाही हिशेब आहे. लग्न, मुले, मृत्यू यांची नोंद पलटणीत 'पार्ट टू ऑर्डर'ने होते. तीत बायकोचे नाव चढले नसेल किंवा माहेरचे एक आणि आधार कार्डावरचे दुसरे असेल, तर कुटुंब निवृत्तिवेतन अडते. दुसऱ्या महायुद्धातील बिनपेन्शनच्या सैनिकांच्या विधवांना राज्य सरकार मानधन देते. त्यासाठीही शेवटी तीच जीर्ण पुस्तिका दाखवावी लागते. म्हणून नवरा-बायको दोघेही हयात असतानाच कागद ताडून पाहावेत.

कहाणीचे म्हणाल, तर ती प्रमाण मराठीत विचारली की आदिवासी जवान साहेबाला द्यावा तसा जबाब देतो: युनिट, ठिकाण, तारीख. भिल्लीत, पावरीत किंवा मावचीत त्याच्याच नातवाने विचारले की पहिला बर्फ, पहिली रेल्वे, न कळणारी हिंदी आणि घरी पाठवलेली पहिली मनीऑर्डर बाहेर येते. म्हणून विचारणारा त्या भाषेचा हवा, आणि ध्वनिमुद्रण मूळ भाषेत ठेवून भाषांतर वेगळे करावे. १९७१ साली विशीत असलेला शिपाई आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. त्याच्या पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र, पदकाच्या कडेचे छायाचित्र आणि तासाभराचे बोलणे, एवढे एका दुपारी होते. एक प्रत घरी राहावी, एक गावच्या शाळेत. तिसरी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने ठेवून घ्यावी. राजवाड्यांनी लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे हुडकण्यात आयुष्य घातले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२७ साली त्यांच्याच नावाने हे मंडळ निघाले. पेशव्यांच्या कागदांशेजारी तळोद्याच्या शिपायाचे डिस्चार्ज बुक ठेवायला तिथले एक कपाट पुरे.