पिसू, कमिशन आणि बंद केलेला बग

२०२० मध्ये डब्ल्यूएचओने पैसे घालून मास्क आणि अंतरावरचे १७२ अभ्यास चाळून घेतले. जूनमध्ये निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापूनही आले. साथ पेटलेली असताना हे काम इतक्या लवकर हवं, तर खिशात हात घालावाच लागतो.

आता १८९६ ची मुंबई बघा. मांडवीत प्लेग सापडला. मग काय, घरं औषधाने धुवा, माणसं छावणीत न्या. पुण्यात तर गोरे सोल्जर घरात घुसले. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँने कराचीत प्रयोग करून सांगितलं, की उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात. त्याच वर्षी सरकारने प्लेग कमिशन नेमलं. त्यांनी ठिकठिकाणी साक्षी घेतल्या, जाडजूड खंड छापले आणि पिसवांना निर्दोष सोडलं! इतरांना सिमाँचा प्रयोग जमत नव्हता ना. आमच्या धंद्यात याला 'नॉट रिप्रोड्युसिबल' लिहून बग बंद करणं म्हणतात. (इथे बग अक्षरशः.)

मला विचाराल तर कमिशन आळशी नव्हतं, फक्त त्यांनी साक्षीदार मोजले, प्रयोग पुन्हा करवून घेतला नाही. त्यासाठी माणसं आणि पैसा आला तो १९०५ मध्ये. परळच्या लॅबवाल्यांनी प्लेगच्या घरांत काही गिनीपिग मोकळे सोडले, काही बारीक जाळीत ठेवले. मोकळ्यांना प्लेग लागला, जाळीतले वाचले. तोवर हिंदुस्थानात लाखो माणसं गेली होती.