बेडूक व मानव : अंतर्गत इंद्रियांची तुलना

पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीररचनेचा व्यावहारिक अभ्यास दीर्घकाळ बेडकाच्या विच्छेदनापासून सुरू होत असे. बेडूक व मानव यांच्या देहाचा मूळ आराखडा एकच असल्याने एकाच्या इंद्रियांवरून दुसऱ्याची इंद्रिये समजतात.

मार्चेल्लो मालपीगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. विल्यम हार्वी यांच्या रुधिराभिसरणाच्या सिद्धांतातील (१६२८) रोहिणी व नीला यांना जोडणारा दुवा त्यामुळे सापडला. लुईजी गॅल्व्हानी यांचे बेडकाच्या पायांवरील प्रयोग १७९१ मध्ये, तर ओटो लव्ही यांचे हृदयावरील प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मानवी शरीरक्रियेचे ज्ञान अशा रीतीने बेडकावरून वाढत गेले.

यकृत, पित्ताशय, अग्निपिंड, प्लीहा व वृक्के ही दोघांतही असतात. भेद मात्र महत्त्वाचे आहेत. बेडकाच्या हृदयात दोन अलिंदे व एकच निलय असतो. मानवात निलय दोन असल्याने शुद्ध व अशुद्ध रक्त पूर्णपणे वेगळे राहते. बेडकाला मध्यपटल व बरगड्या नसतात. तो मुखाच्या तळाच्या हालचालीने हवा फुप्फुसांत ढकलतो व ओलसर त्वचेनेही श्वसन करतो. त्याचे मल, मूत्र व जननपेशी अवस्कर या एकाच कोष्ठातून बाहेर पडतात.

पालघर व बोईसर–तारापूर या भागातील भातखाचरांत पावसाळ्यात मोठा बेडूक (होप्लोबॅट्राकस टायगेरिनस) आढळतो. प्रयोगशाळांत प्रामुख्याने हीच जाती वापरली जाई व तिच्या तंगड्यांची परदेशी निर्यातही होत असे. बेडूक पिकांवरील कीटक खात असल्याने त्यांची बेसुमार पकड शेतीला घातक ठरते. भारत सरकारने १९८७ मध्ये ही निर्यात बंद केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबविण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली व २०१४ मध्ये प्राणिविज्ञानाच्या अभ्यासक्रमांतून ते वगळण्यास सांगितले. त्यानंतर प्रतिकृती, आकृत्या व संगणकीय चित्रण यांचा वापर वाढला. ज्या प्राण्याने मानवाला स्वतःच्या देहाची ओळख करून दिली, त्याचे रक्षण त्याच्या पाणथळ अधिवासांच्या रक्षणावर अवलंबून आहे.