कालव्याची पाळ कुणासाठी?

नवापूरहून बोईसरकडे सायकल काढली की एमआयडीसीचे टँकर आपल्याला रस्त्याखाली उतरवतात. म्हणून रविवारी मी हायवे ओलांडून सूर्या कालव्याच्या पाळीवर जातो. ना हॉर्न, ना धूर.

पण मंडळी, ही पाळ सायकलसाठी बांधलेली नाही. सूर्या नदीवर धामणी धरण, खाली कवडासचा बंधारा, तिथून डावा आणि उजवा कालवा. कडेचा रस्ता पाटबंधारे खात्याच्या देखभालीसाठी. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. आदिवासी शेतकऱ्याच्या शेताला पाणी, हे सांगून प्रकल्प झाला. त्यासाठी गावं उठली.

पुढे त्याच सूर्याचं पाणी कारखान्यांना गेलं, वसई-विरारला गेलं. मग वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटरची एमएमआरडीएची योजना आली. हे पाणी कालव्यातून नाही, पाइपातून जातं. शहरांना पाणी हवंच, पण शेताचा वाटा कुणी मोजायचा? आणि कालवाच कोरडा पडला, तर पाळ कोण राखणार?

पाळीवर जरूर सायकल चालवा. फक्त थांबून कालव्यात डोकवा. पाणी नसेल, तर शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, शेवटचं कधी आलं होतं?