जामखेडची बैठक आणि पोर्टलची नोंद

अहिल्यानगर, म्हणजे 2024 पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील आरोग्य-दप्तराचा इतिहास संगणकापासून सांगू लागले, तर ऑनलाइन नोंदींविषयी कर्मचाऱ्यांत जी कुरकुर आहे तिचे मूळ हाती लागत नाही, त्यासाठी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेड येथे सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पापर्यंत मागे जावे लागते. तेथील ग्राम आरोग्यसेविकांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, आणि कोणती बाई गरोदर आहे, कोणाचे मूल अंग धरत नाही, हे त्या तोंडपाठ सांगत. आठवड्याच्या बैठकीत या माहितीवर चर्चा होई आणि तिचा उपयोग त्याच गावाला होई. प्रकल्पाच्या आकडेवारीनुसार अर्भकमृत्युदर, म्हणजे हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांची संख्या, 1971 मध्ये 176 होता आणि 1990 च्या दशकात तो विशीच्या आसपास आला.

सरकारी उपकेंद्रातील नोंद मात्र प्रामुख्याने वरच्या कार्यालयासाठी होती. गावकरी जिला ‘सिस्टर’ म्हणतात त्या आरोग्यसेविकेच्या रजिस्टरात शेवटच्या पाळीची तारीख, प्रसूतीची अपेक्षित तारीख, हिमोग्लोबिन आणि लसींचे दिवस एका आडव्या ओळीत नजरेखाली येतात. 2009 नंतर गरोदर माता व बालकांचा नावानिशी मागोवा घेणारी संगणकीय प्रणाली आली, पुढे तिची जागा आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) पोर्टलने घेतली, तरी रजिस्टर काही सुटले नाही. तीच माहिती आधी वहीत आणि मग, रेंज मिळेल तेव्हा, पडद्यावर भरायची, अशी दुहेरी पाळी सुरू झाली. यातून आलेल्या कुरकुरीला यंत्राचे भय म्हणणे हा वरिष्ठांचा सोयीस्कर समज होय.

शेजारच्या खात्यातही हेच घडले. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, कारण ते निकृष्ट होते आणि ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप इंग्रजीत होते. आरोग्य खात्यातही ऑक्टोबर 2023 च्या संपात आशा कार्यकर्त्यांनी ऑनलाइन कामाच्या सक्तीला विरोध केला. याउलट बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीपाशी क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर काढण्याची सोय रांग कमी करते, म्हणून तेथे नाराजीला फारशी जागा उरत नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशनने ‘आभा’ हा 14 आकडी आरोग्य-क्रमांक दिला असला, तरी खेड्यातील रुग्ण जुने केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून आणतो, आणि डॉक्टर आधी ती पिशवी मागतात.