‘झाले’ म्हणजे नेमके कुठे झाले? फेरफार, रोजकीर्द आणि डॉसची डिस्क कॅश (थ्रेड)

आजरा तालुक्यात कोणी भाताचे खाचर विकत घेतले आणि खरेदीखताची नोंदणी झाली, तरी त्याच दिवशी त्याचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही. व्यवहार आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत उतरतो. त्याची प्रत चावडीवर लागते, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आलीच तर प्रकरण ‘सहा-अ’ या विवादग्रस्त नोंदवहीत जाते. मंडल अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. हाताने दप्तर लिहिण्याच्या काळात तोवर सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक पेन्सिलीने टिपून ठेवीत, आणि शाई नंतर येई.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची असली, तरी तिच्यामागची रीत पुष्कळ जुनी आहे. संस्थानकाळी आजरा हा इचलकरंजी जहागिरीचा महाल होता. जहागिरीचे दप्तर असो, पेशव्यांचे असो की पेठेतल्या वाण्याचे, दिवसाचा व्यवहार आधी रोजकीर्दीत घडेल त्या क्रमाने लिहिला जाई आणि सवडीने खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढे. कीर्द आणि खतावणी यांच्यामध्ये नेहमीच काही काळ जाई. त्या मधल्या काळात कीर्दीचे पान हरवले, तर व्यवहार झाला होता हे सांगणारा कागदच उरत नसे.

संगणकाच्या इतिहासात हाच मधला काळ काही सेकंदांवर आला, आणि त्या काही सेकंदांनी बराच गोंधळ घातला. हा धागा त्याविषयी आहे.

कारण अगदी साधे होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस चांगल्या हार्ड डिस्कला हवी ती नोंद शोधण्यास वीस-तीस मिलिसेकंद लागत, तर स्मृतीतली नोंद शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास मिळे. म्हणजे फरक दोन-तीन लाख पटींचा. प्रत्येक अक्षरासाठी तबकडीकडे धावणे म्हणजे दर विक्रीमागे दुकान बंद करून खतावणी काढून बसण्यासारखे. त्यामुळे वरचेवर लागणारी माहिती स्मृतीत धरून ठेवण्याची आणि लिहायची माहितीही तिथेच जमवून नंतर एकत्र उतरवण्याची युक्ती निघाली. या जागेला ‘कॅश’ म्हणतात. लपवून ठेवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेले हे नाव संगणकक्षेत्रात १९६८च्या सुमारास, आयबीएमच्या एका यंत्राच्या वर्णनातून रूढ झाले. (रोकड या अर्थाच्या ‘कॅश’शी त्याचा संबंध नाही, मराठी कचेऱ्यांत मात्र दोन्हींचा उच्चार एकच, त्यामुळे ‘कॅश क्लिअर करा’ हे वाक्य बँकेत जपून उच्चारावे.)

युनिक्सने ही युक्ती १९७०च्या दशकातच पत्करली आणि तिच्याबरोबर ‘सिंक’ ही आज्ञाही दिली: स्मृतीत साठलेले सारे तबकडीवर उतरव. माणूस विसरेल म्हणून दर तीस सेकंदांनी हेच काम करणारा एक छोटा कार्यक्रम मागे चालू ठेवीत. जुने युनिक्सवाले यंत्र बंद करण्यापूर्वी ‘सिंक’ तीनदा लिहीत, आणि पुढे तो मंत्रच झाला. वास्तविक तीन या आकड्यात काही जादू नव्हती. ‘सिंक’ त्या काळी लेखनाला केवळ सुरुवात करून देई, ते पुरे होईपर्यंत थांबत नसे. तीन वेगळ्या ओळी टंकण्यात जो वेळ जाई, तेवढ्यात तबकडी आपले काम उरके. पुढच्या पिढीने एकाच ओळीत तीनदा ‘सिंक’ लिहायला सुरुवात केली, तेव्हा विधी उरला आणि कारण गेले.

युनिक्स चालवणारी माणसे निदान प्रशिक्षित होती. डॉसचे तसे नव्हते. डॉसवर काम करणाऱ्याला एकच खूण ठाऊक होती: पडद्यावर ‘सी’ हे अक्षर आणि लुकलुकणारी रेघ परत आली की काम झाले, आता बटण बंद करायला हरकत नाही. कित्येक वर्षे ही खूण खरीही होती.

१९९२ साली विंडोज ३.१ बरोबर ‘स्मार्टड्राइव्ह’ची नवी आवृत्ती आली आणि मार्च १९९३मध्ये एमएस-डॉस ६ बरोबर ती घरोघर पोहोचली. हार्ड डिस्कवर लिहायची माहितीही ती आपणहून स्मृतीत रोखून धरी. फ्लॉपीवरचे लेखन मात्र ती रोखत नसे, कारण फ्लॉपी माणूस केव्हाही उपसून काढील हे तिच्या कर्त्यांना समजले होते. तोच माणूस वीजही केव्हाही बंद करील, हे त्यांनी तितकेसे मनावर घेतले नाही. लुकलुकणारी रेघ आता काम पुरे होण्याआधीच परत येऊ लागली. जुनी खूण तीच राहिली, तिचा अर्थ तेवढा बदलला, आणि वापरणाऱ्याला ते कोणी सांगितले नाही. माहितीपुस्तिकेत होते, हे खरे. यंत्र बंद करण्यापूर्वी ‘स्मार्टड्राइव्ह’ लिहून पुढे तिरकी रेघ आणि ‘सी’ द्या, म्हणजे साठलेले सारे तबकडीवर उतरेल. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबले तर कॅश आपोआप उतरते, पण रीसेटचे बटण दाबले किंवा वीज तोडली तर उतरत नाही. इतके पुस्तिका स्पष्ट सांगत होती. पुस्तिका वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा.

‘सी’च्या शेजारीच ‘आर’ ही दुसरी आज्ञा होती. ती कॅश पूर्ण रिकामी करून नव्याने सुरू करी. कॅश ‘क्लिअर’ करणे या एकाच शब्दप्रयोगात दोन अर्थ दडलेले आहेत: साठलेले लिहून काढणे आणि साठलेले पुसून टाकणे. कीर्दीवरून खतावणी करणे आणि कीर्दीचे पान फाडणे यांत जो फरक, तोच इथे.

माहिती गहाळ झाल्याच्या तक्रारींचा १९९३मध्ये ओघ लागला. बराचसा रोष ‘डबलस्पेस’ या तबकडी आकुंचित करणाऱ्या सोयीवर निघाला, पण स्मार्टड्राइव्हही आरोपीच्या पिंजऱ्यात होतीच. त्याच वर्षाच्या अखेरीस एमएस-डॉस ६.२ आले. त्यात लेखन पुरे झाल्याशिवाय रेघ परत देऊ नये, अशी दुरुस्ती झाली. तबकडी तपासणारी ‘स्कॅनडिस्क’ही त्याच आवृत्तीत आली, हा योगायोग म्हणता येत नाही.

आता पुन्हा सातबाऱ्याकडे. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातला त्यातला जिल्हा वर्धा. पडद्यावर देवनागरी उमटवण्याची सोय ‘जिस्ट’ कार्डाने करून दिली होती. आयआयटी कानपूरमधल्या कामातून निघालेले हे तंत्र पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. डॉसवरच्या इंग्रजी कार्यक्रमांना न बदलता त्यांच्यात भारतीय लिप्या लिहिता येत, ही त्याची मोठी करामत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही योजना तालुक्याच्या कचेरीपर्यंत उतरली. त्याच सुमारास, १९९८मध्ये, कोल्हापूर-सांगलीकडच्या सत्तर गावांत वारणेचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभा राहिला आणि उसाच्या नोंदी गावातल्या संगणकावर होऊ लागल्या. शेतकऱ्याचा हक्क आणि उसाचे टनेज ही दोन्ही आता लुकलुकणाऱ्या रेघेच्या भरवशावर होती.

आणि आजऱ्याकडच्या पावसाळ्यात वीज जाणे ही काही बातमी नव्हे. २००५नंतरच्या काही वर्षांत तर ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाकाठी कित्येक तासांचे भारनियमन सोसले.

ऐन लेखनात वीज गेली तर काय होई, ते पाहण्यासारखे आहे. डॉसमध्ये एक नोंद जतन होते तेव्हा तीन ठिकाणी लिहावे लागते: मजकूर स्वतः, तो तबकडीवर कुठे आहे हे सांगणारा तक्ता, आणि फाइलचे नाव व आकार असलेली यादी. मजकूर उतरला पण यादी उतरली नाही, तर तो बेवारस पडे. ‘चेकडिस्क’ चालवली की असे बेवारस तुकडे शून्य-शून्य-शून्य-शून्य अशा क्रमांकाच्या फाइलींत गोळा होत. कुणाचे नाव, कुणाचा गट क्रमांक, सारे एकत्र. डीबेसच्या धर्तीवरच्या फाइलींत तर एक वेगळीच गंमत होती. एकूण नोंदी किती, हा आकडा फाइलीच्या मस्तकी असे आणि फाइल रीतसर बंद होताना तो सुधारला जाई. मधेच वीज गेली, तर नोंद तबकडीवर असे पण गणतीत नसे. शेवटच्या पानावर नाव लिहिलेले आहे आणि पानांची संख्या सांगणारा कारकून ते पान मोजतच नाही, असा प्रकार. संध्याकाळी कागदाशी ताळा करून पाहणारी कचेरी यातून वाचे. संगणक आला म्हणून कागद गुंडाळून ठेवणारीला आपण काय गमावले याचा पत्ताही लागत नसे. जुन्या कारकुनांचा कागदाचा आग्रह त्या वेळी अडाणीपणा मानला गेला. हा न्याय काहीसा एकतर्फी होता.

विंडोज ९५ने माणसाला थांबायला शिकवले. आता संगणक बंद करणे सुरक्षित आहे, असे काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत उमटेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. ती ओळ म्हणजे ‘कॅश उतरली’ अशी पावतीच होती. पुढे यंत्रे स्वतःहून बंद होऊ लागली आणि नवाच पेच उभा राहिला. हार्ड डिस्कच्या पोटातही स्वतःची कॅश असते. वेगवान प्रोसेसर आणि मोठी कॅश असलेली डिस्क एकत्र आल्या, की विंडोज ९८ आपले काम संपवून वीज तोडी, पण डिस्कचे लिहिणे संपलेले नसे. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळी दुरुस्ती काढावी लागली. तिचा गाभा इतकाच, की वीज तोडण्यापूर्वी क्षणभर थांबायचे. तीनदा ‘सिंक’ लिहिणाऱ्यांनी हेच बोटांनी साधले होते.

लिनक्सने २००६मध्ये कॅश रिकामी करण्याची सोय उघडपणे दिली, तेव्हा दोन अर्थ वेगळे राखले. ती आज्ञा फक्त आधीच तबकडीवर उतरलेली पाने टाकून देते, न उतरलेल्यांना हात लावत नाही. त्यांच्यासाठी आधी ‘सिंक’ द्यावे लागते.

फेरफार आता संगणकावरच नोंदवला जातो. पेन्सिल गेली. नोटीस आणि हरकतीचे पंधरा दिवस मात्र आजही तसेच आहेत, आणि त्या दिवसांत आजऱ्यातल्या त्या खाचराच्या सातबाऱ्यावर विकणाऱ्याचेच नाव असते.